गाईखुरांचा मुद्देमाल

१० मार्च, गुरुवार

आज सकाळी सार्जंट मोथिबी पोलीस व्हॅन घेऊन दारात आले. मला वाटले, गेल्या आठवड्याच्या बातमीत मी त्यांच्या आडनावाचे स्पेलिंग पुन्हा चुकवले असावे. तसे नव्हते. त्यांनी संत्र्यांची तीन खोकी उतरवून ओसरीवर ठेवली. आत वाळू, वाळूत गारगोट्या, आणि गारगोट्यांत गाईखुरे, आमच्या टेकड्यांवरची इवली रोपे.

"मेस्टर, हा मुद्देमाल. खटला उभा राहीपर्यंत जिवंत ठेवायचा, असा कोर्टाचा हुकूम आहे."

"मग ठाण्यात ठेवा."

"ठेवला होता. आमच्या शिपायाने पहिल्याच दिवशी बादलीभर पाणी ओतलं. दोन सडले. आता एकशे शहाऐंशी उरलेत."

मीच का, असे विचारले. ते म्हणाले, "विटक्लिप गावात यांच्याबद्दल मला कळतं असं छापून आणणारे तुम्ही एकटेच." गेल्या वर्षी साप्ताहिकाच्या वार्तापत्रात मी गाईखुरांवर लेख लिहिला होता, त्याचे हे फळ. ज्ञानाची जाहिरात केली की कधीतरी त्याची पडताळणी होते, हे तीस वर्षे मेस्टर, म्हणजे मास्तर, म्हणून शाळेत मुलांना सांगून मी स्वतः विसरलो होतो.

रानातून गाईखुरे उपटून विकणे हा गुन्हा; माल सापडला तो फ्लूर्सजवळ. फ्लूर्स स्वार्टबोई, मेंढ्या भादरणारा, माझा जुना विद्यार्थी, भूगोलात बरा. नाक्यावर गाडी अडवली तेव्हा परगावचे गिऱ्हाईक ओढ्यातून पळाले आणि मांडीवर खोकी घेऊन बसलेला फ्लूर्स तसाच बसून राहिला. जामीन झाला आहे. रोपांच्या संख्येवर शिक्षा ठरणार म्हणतात. एकशे शहाऐंशी म्हणजे तुरुंग नक्की.

मी पावतीवर सही केली. मोजून घेतले का? सार्जंटांनी मोजले होते. दोघांनी कशाला मोजायचे?

१३ मार्च, रविवार

प्रार्थनेहून आल्यावर भिंग घेऊन खोक्यांपुढे बसलो. लेख लिहिला तेव्हा इतक्या जवळून पाहिले नव्हते, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

गाईखूर म्हणजे दोन जाड पाने, एकमेकांना चिकटलेली, मध्ये फट. देठ नाही, फांदी नाही, काटा नाही. अंगठ्याच्या पेराएवढा जीव. डोक्यावर तपकिरी-राखी नक्षी अशी, की शेजारच्या गारगोटीने हिची नक्कल केली की हिने गारगोटीची, ते ठरवता येऊ नये. ती नक्षी म्हणजे खिडकी आहे. रानात सगळे अंग जमिनीत असते, उघडे असते ते फक्त डोके, आणि तिथून ऊन आत उतरते. घर तळघरात, उजेड छपरातून. वर्गणीचा विषय निघाला की आमच्या चर्चचे डीकन ऊम लुकास, म्हणजे लुकासकाका, तोंड मिटतात, तशी फट घट्ट मिटलेली.

गीतेतला स्थितप्रज्ञ मी कॉलेजात वाचला होता. त्याला मुळे असतील असे तेव्हा वाटले नव्हते.

१६ मार्च, बुधवार

बुधवारी टानी ड्रीका, गावाच्या ड्रीकामावशी, घर आवरायला येतात. माझी बायको मारिया गेली तेव्हापासून, म्हणजे सात वर्षे, एक बुधवार चुकला नाही. त्या फ्लूर्सच्या आई. आज येतील की नाही अशी शंका होती. आल्या. ओसरीवर थांबल्या, खोक्यांकडे बघत राहिल्या. इतका वेळ त्या माझ्या धुळीकडेही कधी बघत नाहीत.

"टानी, फ्लूर्स कसा आहे?"

"कोण?"

"फ्लूर्स."

"त्या माणसाशी मी बोलत नाही," असे म्हणून त्यांनी झाडू घेतला. मागची खोली झाडून परत आल्या. "हे परत कधी जाणार?"

मी समजावले. खटला संपला की शहरातल्या काचघरात. एकदा खोक्यात गेलेले रोप पुन्हा रानात लावायचे नाही असा नियम आहे, रोग पसरतो म्हणे.

"यांना रोग? रोग झालाय तो माणसांना." मग वाकून एकाच्या डोक्यावर बोट ठेवले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावे तसे. "काचघरात वारा असतो का?"

"पंखे असतील."

"पंखे," म्हणाल्या, आणि भांडी घासायला गेल्या.

जाताना मला तंबी मिळाली: "पाणी घालू नका. अंगाला सुरकुत्या पडल्या की चमचाभर. माणसासारखी नाहीत ती, लागल्याशिवाय घेत नाहीत."

६ एप्रिल, बुधवार

आज दुपारी तीनच्या सुमारास मुद्देमाल फुलला.

दुसरा शब्द सुचत नाही. सकाळी फटीतून एक पांढरे टोक दिसत होते. जेवून उठलो, चहा ठेवला, आणि बघतो तर तिन्ही खोक्यांवर पांढरी फुले, रोपाहून मोठी, आपल्या आईला पूर्ण झाकून टाकणारी. मधाचा मंद वास. मी चहा विसरलो, पातेले जळले.

एकशे बारा फुले मोजली. टानी ड्रीकाही कपडे वाळत घालायचे सोडून आल्या.

"मेस्टर, ते डोळ्यांचं भिंग द्या जरा."

भिंग घेऊन त्या एकेक रोप बघत गेल्या. मी म्हणालो, "टानी, तुम्हालाही शास्त्राची गोडी लागली."

"हो ना. कोण कुठल्या बाजूचं ते बघते. हे करड्या डोक्याचे वरच्या अंगाचे. हे लालसर खालच्या ओढ्याजवळचे."

"फुलावरून कळतं?"

"डोक्यावरून. तुम्ही मुलांना मागून ओळखायचात ना, तसं."

फुले न आलेली चौऱ्याहत्तर. ती लहान असावीत. वयात यायला यांना तीन-चार वर्षे लागतात, असे प्रांताच्या वनखात्याच्या मिस फान टोंडर फोनवर म्हणाल्या. बाई तरुण वाटतात, पण गाईखुरांविषयी फार वडीलकीने बोलतात.

१५ एप्रिल, शुभ शुक्रवार

एक शोध. त्यासाठी आजचा दिवस बरा नाही, पण शोध काही पंचांग बघून लागत नाहीत.

दुसऱ्या खोक्यातल्या एका रोपाला परवा सुरकुती दिसली म्हणून चमचाभर पाणी दिले होते. आज पाहिले तर सुरकुती तशीच. बोटाने हलवले, तर ते सुटून हातात आले. दगड. नक्षीसकट, फटीसकट दगड. मी चार आठवडे त्याची विचारपूस करत होतो.

मग सगळी तपासली. एकूण नऊ दगड निघाले. उलगडा सोपा आहे: फ्लूर्सने गिऱ्हाइकाला फसवायला भरताड घातली असणार. दूधवाला पाणी घालतो तसे.

उपासाचे मासे आणायला दुकानात गेलो, तर बाहेरच्या बाकावर तोच बसलेला. मी हळूच म्हटले, "फ्लूर्स, तुझ्या मालात दगड निघाले. वकिलाला सांग. संख्या कमी होईल, तुझा फायदा आहे."

त्याने असे पाहिले, जणू मी त्याच्या थोबाडीत मारली.

"दगड? माझ्यात?"

"नऊ."

"मेस्टर, मी चोर आहे. भेसळवाला नाही." आणि उठून गेला. बाकावर त्याचा पाव अर्धा खाल्लेला तसाच राहिला.

गुन्हेगाराचाही एक धर्म असतो, असे ऐकून होतो. पण मान्य करायला लाज वाटत असणार, दुसरे काय.

२७ एप्रिल, बुधवार

एकतीस.

नऊ मोजले होते तेव्हा चष्मा बदललेला नव्हता, हे खरे. तरी बावीस दगड नजरेतून सुटणे म्हणजे कमाल झाली. माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडतो आहे. टानी ड्रीकांना सांगितले.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "तेही दिसू नयेत म्हणूनच तसे झालेत."

"पण दगडांना कशाला दिसू नये असं वाटेल?"

"ते मला काय विचारता? तुम्ही शिकलेले."

या बाईंची एक गंमत आहे. लोकांकडे कामाच्या बायका रिकामी पिशवी घेऊन येतात आणि जाताना ती जड होते, अशी तक्रार असते. यांचे उलटे: येताना पिशवी खांद्याला ओढते, जाताना भुर्र. माझ्यासाठी निखाऱ्यावरचे पाव आणतात, दोनच, तरी हौस किती. घागऱ्याला गुडघ्यापाशी पांढरी माती लागलेली असते. चर्चच्या पायऱ्या घासत असतील. या वयात वाकणे बरे नव्हे, असे सांगितले पाहिजे.

११ मे, बुधवार

सार्जंट मोथिबी चहाला आले. आमच्या तांबड्या रॉयबॉस चहात चार चमचे साखर. मुद्देमाल नजरेखालून घातला, समाधान झाले. लांबून सगळे गाईखूरच दिसतात.

मग म्हणाले, "मेस्टर, तुम्हाला सांगायचं राहिलं. त्या पळालेल्या माणसाच्या गाडीत एक कात्रण होतं. तुमचा लेख. शाळेतल्या वहीसारख्या खुणा केलेल्या, लाल पेनाने."

शहरात, कदाचित परदेशातही माझे वार्तापत्र कोणी जपून ठेवते! संपादकांना कळवायला हवे; ते म्हणतात, मला हवामान आणि लग्ने सोडून कोणी वाचत नाही.

"लेख आवडला होता म्हणायचा," मी म्हणालो.

सार्जंटांनी चहा पुन्हा एकदा ढवळला. "हो. तो मुद्देमाल क्रमांक चार आहे."

१ जून, बुधवार

हिवाळा लागला, पाणी गोठवणारी थंडी. तीन आठवडे वही उघडली नाही, कारण काय लिहायचे ते माहीत होते.

लेख काढून पुन्हा वाचला. जागेचे नाव मी लिहिले नव्हते, एवढी खबरदारी घेतली होती. फक्त वर्णन केले होते: तडा गेलेल्या घंटेच्या चर्चपासून निघावे, दोन पाती नसलेल्या पवनचक्कीपर्यंत जावे, तिथून ऊन डाव्या कानावर घेत तासभर. शब्द मोठे छान जमले होते. ते छान जमल्याचा मला आनंद झाला होता. आणि तिथे त्या माणसाने फ्लूर्सला गाठले असणार; तो तिथेच मेंढ्या भादरत असतो.

टानी आल्या तेव्हा सांगून टाकले. "टानी, वाट मीच दाखवली. माझ्या लेखाने."

त्या कपडे घडी करत होत्या. घडी पुरी केली. "माहीत आहे. छापून आला तेव्हाच वाचला होता मी."

"मग तेव्हाच बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही इतके खूश होतात, मेस्टर. मारिया गेल्यापासून पहिल्यांदा शीळ घालत होतात."

मी पुढचा आठवडाभर वर्तमानपत्राला फक्त हवामान पाठवणार आहे.

६ जुलै, बुधवार

खटला ६ सप्टेंबरला. मिस फान टोंडर स्वतः येऊन रोपे तपासणार.

सध्या खोक्यात एक विलक्षण प्रकार चालू आहे. जुन्या पानांच्या फटीतून नवी जोडी वर येते. ती बाहेरून काही घेत नाही. जुनी पाने आपला ओलावा आतल्या नव्या पानांना देत देत कागदासारखी होतात. म्हणून या दिवसांत पाण्याचा थेंब घालायचा नाही. घातला तर जुने पान मरायचे विसरते आणि नवे आत गुदमरते. माझ्या ओळखीची दोन-तीन घराणी डोळ्यांपुढे आली. नावे लिहीत नाही, ही वही कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

असे उकललेले अठ्ठावन्न मोजले. उरलेले निद्रेत असावेत. निद्रेची प्रत्येकाची वेळ वेगळी. माझ्या दोन्ही मेहुण्यांची तर वर्षे वेगळी आहेत.

१४ ऑगस्ट, रविवार

जिवंत तेवीस.

आता निद्रेचा सिद्धांत टिकत नाही. मी एकेक उचलून नखाने खरडला. दगड, दगड, दगड. फ्लूर्सने एकशे त्रेसष्ट दगड घातले असतील हे शक्य नाही. एकशे बारा फुले मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. फुले येणारे दगड मला कोणत्याही शास्त्रात माहीत नाहीत.

मग राहिले एकच: मी मारले. कुठल्या तरी चुकीने, चमचाभर जास्त पाण्याने किंवा कमी उन्हाने, ते आतून वाळून पाषाण झाले. सही माझी आहे. कोर्ट मला विचारेल आणि मला खरे सांगावे लागेल. तुरुंगाची भीती तितकी नाही. गावात माझ्या हातून दुसऱ्यांदा गाईखुरांचे वाटोळे झाले असे म्हणतील, त्याची आहे. शिवाय ते म्हणणे बरोबर असेल.

प्रार्थनेनंतर चर्चच्या दाराशी टानी ड्रीकांना म्हणालो, "मी सगळ्यांना मारलं, टानी. दगड झाले."

त्यांनी माझा दंड धरला. "मेलेलं गाईखूर मऊ होतं, मेस्टर. सडतं. दगड होत नाही."

"मग हे काय आहे?"

"दगड," त्या म्हणाल्या. "जेवायला या. मेंढीच्या डोक्याचा रस्सा केलाय."

बाईंनी धीर दिला, पण तर्कात एक पायरी गळली आहे असे वाटत राहते. रस्सा उत्तम होता.

६ सप्टेंबर, मंगळवार

सविस्तर लिहितो, कारण उद्या यावर माझाच विश्वास बसणार नाही.

तालुक्याच्या कोर्टात पुढच्या रांगेत विटक्लिपचे अर्धे गाव होते. मॅजिस्ट्रेटबाई नव्या आहेत, किनाऱ्याकडच्या शहरातून आलेल्या, बारीक चणीच्या, बोलणे हळू. टानी ड्रीका मागे शेवटच्या बाकावर, काळी टोपी घालून. पुढे फ्लूर्स. मायलेकरांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

मिस फान टोंडर यांनी सुई आणि चिमटा काढला. पहिले खोके उघडले.

"दगड," त्या म्हणाल्या. कारकुनाने लिहिले. "दगड. दगड. हाही दगड." दहाव्या दगडानंतर लोक हसायला लागले, चाळिसाव्यानंतर थांबले, शंभराव्यानंतर चर्चमध्ये असते तशी शांतता झाली. शेवटी चार रोपे निघाली, चारही अशक्त. बाकी एकशे ब्याऐंशी दगड.

"मेस्टर ब्रांट," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "तुम्ही यांची निगा राखत होता?"

"हो, बाईसाहेब. चमच्याने पाणी द्यायचो."

"दगडांना?"

"त्यांनी कधी तक्रार केली नाही."

फ्लूर्सचा वकील तरुण आणि चपळ. तो उडी मारून उठला. माझ्या अशिलाने दगड विकले, दगड विकणे हा या देशात गुन्हा नाही, फार तर चार रोपांपुरते बघा. सगळे संपलेच होते. तेवढ्यात फ्लूर्स उभा राहिला.

"खोटं आहे."

"खाली बस," वकील कुजबुजला.

"मी एकशे अठ्ठ्याऐंशी काढले. दोन पोलिसांनी बुडवले. एकही दगड नव्हता त्यात."

वकिलाने कपाळ हातात घेतले. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा काढला. "पुरावा तुम्हाला सोडवतोय, आणि तुम्ही अडकायला बघताय. का?"

फ्लूर्सने मागे वळून पाहिले नाही. "माझी आई मागे बसलीय, बाईसाहेब. मी चोरी केली हे तिला माहीत आहे. वर खोटंही बोललो, तर ती मेल्यावरसुद्धा माझ्याशी बोलायची नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या घरात आणखी कोणाचं येणंजाणं असतं?"

मी तोंड उघडले. "माझं, आणि दर बुधवारी—" आणि तिथेच शब्द अडकला. जड पिशवी. पांढरे गुडघे. कोण कुठल्या बाजूचे. सहा महिने माझ्या डोळ्यांपुढे होते सगळे. मी भिंगातून बघत होतो. शपथ घेतलेली होती, आणि ओठ मात्र ऊम लुकाससारखे मिटले.

"त्यांना त्रास देऊ नका," मागून आवाज आला. टानी ड्रीका उभ्या होत्या. "मी नेले. दर बुधवारी सात-आठ. त्यांच्या जागी दगड ठेवले, म्हणजे मेस्टरांना एकटं वाटू नये."

सरकारी वकील उठले, पुराव्यात ढवळाढवळ, न्यायालयाचा अवमान, असे बरेच बोलले. बाईंनी हात वर केला. त्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा नव्हता.

"परत लावले? जगले किती?"

"एकशे ऐंशी. दोन शेळीनं खाल्ले."

मिस फान टोंडर यांच्या हातातून चिमटा पडला. "आमच्या काचघरात दहातले सहा मरतात," त्या कोणालाच न उद्देशून म्हणाल्या.

"कुठे लावले? जुन्याच टेकडीवर?"

"तिथे कशाला? ती टेकडी आता छापून आलीय." सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिले. "आतल्या अंगाला दुसरी आहे, तशाच गारगोटीची. कुठली ते सांगणार नाही, बाईसाहेब. या खोलीत एक पोलीस आहे, एक लिहिणारा आहे आणि माझा मुलगा आहे. तिघांनी मिळून एकदा वाट लावलीय."

"आजीबाई, तुम्ही सांगितलं नाही तर मला तुम्हाला आत टाकावं लागेल."

"टाका. आत वारा येतो का?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "न्यायालयाला जागा पाहावी लागेल. उद्या सकाळी. रोपं तिथे असतील, तर ती काढून पुन्हा ताब्यात घ्यावी लागतील, आणि तुमच्यावर वेगळा गुन्हा लागेल. हे समजलं ना?"

"समजलं. पण वर तुम्ही एकट्याच यायचं."

"का?"

"तुम्ही नवीन आहात. तुमच्यावर अजून राग नाही माझा."

७ सप्टेंबर, बुधवार

तीन गाड्यांचा ताफा. पुढच्या गाडीत टानी ड्रीका वाट दाखवायला. आम्ही एकाच फाटकातून दोनदा गेलो आणि एक मोडका गोठा तीन दिशांनी पाहिला. दीड तासाने एका टेकडीच्या पायथ्याशी थांबलो. ती विटक्लिपच्या कुठल्या बाजूला आहे हे मी शपथेवर सांगू शकणार नाही, आणि लिहिणार तर नाहीच.

दोघी वर गेल्या. आम्ही गाड्यांच्या सावलीत: सार्जंट, दोन्ही वकील, कारकून, मिस फान टोंडर, फ्लूर्स आणि मी. मिस फान टोंडर यांनी ट्रे, चिमटे, लेबले काढून ओळीने मांडली. रोपे उपटायला सगळे तयार होऊन आले होते, आणि कोणालाच ते हवे आहे असे चेहऱ्यावर दिसत नव्हते.

"मेस्टर," फ्लूर्स म्हणाला, "रोपं सापडली तर आईला किती शिक्षा होईल?"

"वर्षभर, असं वकील म्हणतात."

"मी जातो म्हणावं तिच्या वाटचं."

"तसं चालत नसतं."

"शाळेत चालायचं. शेजारच्या बाकावरच्या लिंक्सच्या वाटच्या छड्या तुम्ही मला मारल्यात."

त्या वेळी मी नवा मास्तर होतो, असे सांगायचे होते.

वर दोघी दिसत होत्या, लहान लहान. थोडा वेळ उभ्या. मग दोघीही खाली बसल्या, मग मॅजिस्ट्रेटबाई पार पालथ्या पडल्या, हनुवटी जमिनीला लावून. ऊन लागले की काय, म्हणून सार्जंट धावणार होते. पण त्या उठल्या आणि दोन हात पलीकडे जाऊन पुन्हा पालथ्या पडल्या. असे तासभर चालले.

मग उतरायला लागल्या. बाईंची चाल मोठी चमत्कारिक होती. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, खाली बघायचे. मध्येच एक पाय बगळ्यासारखा अधांतरी धरायचा आणि वळसा घालून भलतीकडे ठेवायचा. दोन ठिकाणी तर टानींच्या खांद्याला धरून सरळ उडीच मारली. शहरातल्या चपला. आमच्या गारगोट्यांवर त्यांचे काय चालणार?

खाली आल्यावर त्यांनी कारकुनाला बोलावले. झग्याला पुढून पांढरी माती, नाकावरही थोडी.

"लिहून घ्या. न्यायालयाने जागेची स्वतः, काळजीपूर्वक पाहणी केली. न्यायालयाला दगडांशिवाय काहीही आढळले नाही. सबब साक्षीदार ड्रीका स्वार्टबोई यांचे कथन शाबीत होत नाही, त्यांच्यावर कारवाईचे कारण नाही. आरोपीस चार रोपांपुरती शिक्षा, ती स्थगित, आणि दोनशे तास मिस फान टोंडर सांगतील ते काम."

सरकारी वकील म्हणाले, "बाईसाहेब, आम्ही वर जाऊन एकदा—"

"न्यायालयाने पाहिलंय," बाई म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

मिस फान टोंडर ट्रे आवरू लागल्या. त्या हसत का होत्या, कळले नाही. इतक्या लांब येऊन त्यांच्या हाती काहीच लागले नव्हते.

टानी ड्रीका फ्लूर्ससमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याची कॉलर नीट केली. "दाढी कधी करणार?" मार्चनंतर त्याच्याशी बोललेले पहिले वाक्य.

मला मात्र मनापासून वाईट वाटत होते. परत येताना टानींना म्हणालो, "तासभर उन्हात पडून राहिल्या बिचाऱ्या. तुम्ही त्यांना एकही दाखवलं नाहीत?"

"सगळे दाखवले, मेस्टर. एकेकावर बोट ठेवून."

"आणि त्यांना दिसलेच नाहीत?"

टानी खिडकीतून बाहेर बघत होत्या. "काय दिसलं ते त्यांनी सांगितलंच की," त्या म्हणाल्या.